बिडाच्या कीलवरचा गंज दरवर्षी परत का येतो?

प्रश्न : माझी २६ फुटी फायबरची शिडाची होडी बरीच जुनी आहे, कील (तळाखालचा जड पंखा) बिडाची (कास्ट आयर्नची) आहे. दर मे महिन्यात होडी वर काढली की कील ग्राइंडरवरच्या वायरब्रशने चकचकीत करतो, रेड ऑक्साइड मारतो आणि वर रंगाचे दोन हात देतो. जानेवारी उजाडेपर्यंत जागोजागी फोड येतात. फोडले तर आतून काळं पाणी निघतं. रंग बदलून पाहिला, फरक नाही. नेमकं काय चुकतं?
— एक वाचक, कुलाबा

उत्तर : ते काळं पाणी म्हणजे खारं, आम्लधर्मी पाणी आणि त्यात विरघळलेलं लोखंड. बीड गंजतं तेव्हा पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात आणि समुद्राच्या पाण्यातलं क्लोराइड खड्ड्याच्या तळाशी गंजाच्या थरात अडकून बसतं. वायरब्रश हा थर काढत नाही, घासून चमकवतो. वरून धातू दिसतो, पण खड्ड्यात गंज आणि मीठ तसंच असतं. रंग कितीही चांगला असला तरी त्यातून थोडी वाफ आत जातेच. खालचं मीठ ती ओढून घेतं आणि फोड धरतो. रेड ऑक्साइड हा तर पाण्याखाली टिकणारा प्रायमरच नव्हे. तो खिडकीच्या गजांसाठी ठीक आहे.

दुसरी अडचण वेळेची. मेच्या शेवटी मुंबईची हवा ओलसर असते, जूनमध्ये विचारायलाच नको. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी थेंब होऊन बसतं ते, २७ अंशांच्या वर जातो. लोखंड दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम हवं हा रंगकामाचा नियम, म्हणजे कील ३० अंशांच्या वर हवी. होडीच्या सावलीत उभं असलेलं टनभर बीड सकाळी तेवढं तापलेलं नसतं. डोळ्यांना न दिसणारा ओलावा त्यावर धरलेला असतो आणि आपण त्याच्यावर रंग चढवतो.

म्हणून काम दोन टप्प्यांत करा. होडी वर आली की लगेच सुटे पोपडे, बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचाचे समुद्री जीव), जुना रंग खरवडून काढा आणि कील उघडी ठेवा. रंग लावू नका. पावसाळाभर आठवड्यातून एकदा नळाच्या गोड्या पाण्याने जोरात धुवा. कील तांबूस होईल, होऊ द्या. जेवढं मीठ धुवून जाईल तेवढं पुढचं काम सोपं. मुंबईतून मोसमी पाऊस साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. खरं काम ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किंवा नोव्हेंबरमध्ये, सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात करा. हंगामाचे पहिले दोन-तीन आठवडे हातचे जातात हे खरं आहे, पण दरवर्षी तेच काम करण्यापेक्षा ते परवडतं.

सफाईला ग्रिट ब्लास्टिंगला, म्हणजे दाबाच्या हवेने कठीण कण मारून धातू साफ करण्याला, तोड नाही. वाळू वापरू देऊ नका. तिच्या धुळीतल्या सिलिकाने फुप्फुसं कायमची निकामी होतात. कॉपर स्लॅग किंवा गार्नेट मागा. ६ मिलिमीटरच्या नोझलला ७ बार दाबावर साधारण १०० सीएफएम (मिनिटाला १०० घनफूट) हवा लागते, म्हणजे पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर उपयोगाचा नाही. हवेतलं पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप लावलेला आहे ना ते बघा. नोझलमधून ग्रिट न सोडता नुसती हवा पांढऱ्या फडक्यावर मिनिटभर मारा. फडक्यावर तेल किंवा पाण्याचा डाग आला तर काम सुरू करू नका. फायबरच्या अंगाला, निदान कीलच्या वर फूटभर, जाड रबरी शीट बांधा. नोझल सेकंदभर चुकलं तरी जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) उडतो.

बिडात एक फसवी गोष्ट असते. लोखंड विरघळून जातं आणि ग्राफाइट मागे राहतं, आकार जसाच्या तसा. स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून ओढा. पेन्सिलीच्या शिसासारखी काळी, मऊ भुकटी निघाली तर तिथे धातू उरलेला नाही. कठीण, करडा धातू लागेपर्यंत खोदा, मग खड्डा अर्धा इंच झाला तरी चालेल.

पहिल्या ब्लास्टिंगनंतर लगेच रंग देऊ नका. गोड्या पाण्याने धुवा आणि रात्रभर तसंच ठेवा. सकाळी बहुतेक कील फिकट पिवळसर दिसेल, पण काही खड्ड्यांत काळे, ओलसर ठिपके उठलेले असतील. तिथे मीठ शिल्लक आहे. ठिपके पुन्हा धुवा आणि त्याच दिवशी सगळ्या कीलवर दुसरा हलका ब्लास्ट मारा. करडा, एकसारखा, खरखरीत पृष्ठभाग हवा. त्यानंतर तास-दोन तासांत पहिला हात गेलाच पाहिजे. ब्लास्ट संपायच्या आत डबे, ब्रश, मोजमाप तयार ठेवा. कीलला उघड्या हाताने शिवू नका, घामातही मीठ असतं.

प्रश्न : रंग कोणता, किती थर आणि किती लिटर घ्यायचा? दुकानदार कोल टार इपॉक्सी घ्या म्हणतो.
— एक वाचक, माझगाव

उत्तर : कोल टार इपॉक्सी, म्हणजे डांबर मिसळलेला दोन भाग कालवून लावायचा रंग, पाणी उत्तम अडवतं आणि स्वस्तही पडतं. पण डांबर वरच्या अँटिफाउलिंगमध्ये (शेवाळ-बार्नॅकल धरू न देणाऱ्या रंगात) उतरतं आणि पुढे दुसरा कुठलाही रंग त्यावर नीट बसत नाही. कील आयुष्यभर त्याच रंगात ठेवणार असाल तर घ्या. एरवी पाण्याखालचं हाय-बिल्ड (एका हातात जाड थर बसणारं) इपॉक्सी बरं.

पहिला हात सुमारे ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), पातळ, ब्रशने खड्ड्यांत घोळून द्या. रोलर खड्ड्यांवरून नुसता फिरतो. मग कडांना वेगळा एक हात, कारण रंग कडेवरून मागे सरकतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. त्यानंतर १०० मायक्रॉनचे तीन हात. एकूण ३५० मायक्रॉनच्या आसपास.

लिटरचा हिशेब सोपा आहे. डब्याच्या माहितीपत्रकातली घन पदार्थांची टक्केवारी गुणिले १०, भागिले मायक्रॉन, म्हणजे एका लिटरमध्ये किती चौरस मीटर ते. ५० टक्क्यांचा रंग १०० मायक्रॉनला लिटरमागे ५ चौरस मीटर जातो. २६ फुटी होडीची कील दोन्ही बाजू धरून साधारण साडेचार चौरस मीटर, तीन हातांना २.७ लिटर. रोलरमध्ये, डब्यात आणि खड्ड्यांत जाणारा धरून ४ लिटर घ्या. पहिल्या हाताचा प्रायमर वेगळा असेल तर लिटरभर. ओला थर मोजायची छोटी कंगवापट्टी कुठल्याही चांगल्या पेंटवाल्याकडे मिळते. या रंगात ओला थर २०० दिसला की सुकून १०० राहील.

मुंबईच्या उकाड्यात कालवलेलं मिश्रण लवकर घट्ट होतं. तापमान १० अंशांनी वाढलं की भांड्यातला वेळ जवळपास निम्मा होतो, म्हणून एका वेळी अर्धा लिटरच्या वर कालवू नका. हार्डनर (रंग घट्ट करणारा दुसरा भाग) अंदाजे ओतायचा नाही. ‘जरा जास्त टाकला की लवकर सुकतो’ हे चूक आहे, तो थर मऊच राहतो. दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट पापुद्रा येतो. तो आधी पाण्याने आणि स्क्रबरने धुवा, मगच पॉलिश पेपर मारा. उलटं केलं तर मेण खोल घासलं जातं आणि पुढचा थर सुटतो.

प्रश्न : खड्डे मोटारीच्या पुटीने भरले तर? आणि रस्ट कन्व्हर्टर?

उत्तर : दोन्ही नको. मोटारीची पुटी म्हणजे पॉलिएस्टर लांबी, ती पाणी पिते आणि खपलीसकट निघते. लांबी इपॉक्सीचीच हवी आणि तीही पहिला इपॉक्सी हात बसल्यावर, उघड्या लोखंडावर नव्हे. कन्व्हर्टर पातळ गंजाला काळा करतो, पण मीठ तसंच ठेवतो. फाटकाला चालेल, सतत पाण्यात बुडालेल्या वस्तूला नाही.

प्रश्न : कील आणि होडीच्या सांध्यातून तांबडा ओघळ येतो. वरून सीलंट भरून चालेल का?

उत्तर : आधी बोल्ट बघा. क्रेनच्या पट्ट्यांवर होडी अधांतरी असताना सांधा पुढच्या बाजूने उघडतो आणि कीलवर टेकवल्यावर मिटतो, असं असेल तर रंगाचं काम थांबवा. बोल्ट ढिले किंवा झिजलेले आहेत. आत बिल्जमधल्या (होडीच्या आतल्या तळातल्या) नटांची खपली काढून पाहा. झीज बहुतेकदा नटाशी दिसत नाही, सांध्याच्या पातळीवर बोल्टची मान बारीक होते. खात्री हवी तर एक बोल्ट काढून पाहा किंवा अल्ट्रासोनिक तपासणी करून घ्या.

सांधा घट्ट असेल तर जुना सीलंट आकडीने ८-१० मिलिमीटर खोल खरवडा, बीड स्वच्छ करून त्यावर इपॉक्सी द्या आणि मग पॉलियुरेथेन सीलंट भरा. सिलिकॉन कधीही नको, त्याच्या आसपासही रंग धरत नाही.

प्रश्न : अँटिफाउलिंग आणि झिंक किती, कुठे?
— एक वाचक, वर्सोवा

उत्तर : बहुतेक अँटिफाउलिंगमध्ये तांब्याचा ऑक्साइड असतो. तो बिडाला थेट लागला तर खाऱ्या पाण्यात बॅटरीसारखा विद्युतघट तयार होतो आणि बीड झपाट्याने खाल्लं जातं. म्हणून खाली अखंड इपॉक्सी हवंच. अँटिफाउलिंगचा पहिला हात शेवटचं इपॉक्सी पूर्ण सुकण्याआधी जायला हवा. हातमोजा घालून अंगठा टेकवा. चिकटला पण रंग मोज्याला आला नाही, ती वेळ. आपल्याकडच्या उन्हात ती झटकन निघून जाते, दर अर्ध्या तासाने बघा. निघून गेलीच तर ८० नंबरचा पॉलिश पेपर मारून मगच पुढे जा.

झिंक (बिडाऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) बोल्टने थेट उघड्या धातूवर, दोन्ही बाजूंना एकेक. त्यावर रंग नको. जास्त लावल्याने जास्त संरक्षण मिळत नाही, उलट इपॉक्सी सुटू शकतं.

कीलचा तळ बहुतेक जण विसरतात, कारण होडी लाकडी ठोकळ्यांवर उभी असते. टेकू अजिबात न हलवता, क्रेनने होडी जरा उचलून ठोकळे फूटभर पुढे-मागे करून घ्या आणि ती जागाही तेवढेच थर देऊन पूर्ण करा. बंदरात ओहोटीला कील गाळात टेकते, तळावरचा रंग सर्वांत आधी तिथेच घासला जातो. पाणबुड्याकडून बार्नॅकल काढून घेताना लोखंडी पट्टी देऊ नका, प्लॅस्टिकची किंवा लाकडी द्या. आणि खरवडलेला जुना रंग ताडपत्रीवर गोळा करा. त्यातलं तांबं खाडीत गेलं तर कालवं आणि मासळी दोघांनाही बाधतं.