नवरदेवाच्या बोटात बसेल आणि रोज सकाळी निघेल अशी अंगठी

ताई,

तुझं पत्र मिळालं. पुढच्या महिन्यात तुझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा आहे. होणारा नवरदेव आर्वीकडे ट्रॅक्टर दुरुस्तीचं आणि वेल्डिंगचं दुकान चालवतो, हंगामात घरचं वावरही बघतो. आईला त्याच्यासाठी खड्याची, चार लोकांत उठून दिसणारी अंगठी हवी आहे, पण अर्ध्या तोळ्याच्या वर जमणार नाही. आणि तो फोनवर म्हणाला, "घालीन, पण कामावर काढून ठेवीन." हे तुला लागलं.

लावून घेऊ नकोस. त्याच्या धंद्यात हेच शहाणपणाचं आहे. ट्रॅक्टरची बॅटरी बारा व्होल्टची असते, तिचा झटका बसत नाही, म्हणून माणसं बेफिकीर राहतात. पण पाना पॉझिटिव्हच्या नटावर असताना अंगठी एकीकडे पान्याला आणि दुसरीकडे बॉडीला टेकली, तर सगळा करंट अंगठीतून वाहतो. क्षणात ती लालबुंद होते आणि बोट गोलाकार भाजतं. हात झटकून ती निघत नाही. दुसरा धोका ट्रॉलीचा. वरून उडी मारताना अंगठी फाळक्याच्या कडीत अडकली की अंगाचा सगळा भार त्या एका बोटावर येतो. चामडी सोलून निघते, कधी बोटच जातं. ग्राइंडर, थ्रेशर, फिरता पट्टा यांचंही तेच. फवारणीच्या दिवसांत औषध अंगठीखाली साचून राहतं, हात धुतले तरी तिथलं निघत नाही.

मग साखळीत ओवून गळ्यात घालू दे, असं कोणी सुचवेल. फिरत्या मशीनवर वाकणाऱ्या माणसाच्या गळ्यात साखळी नकोच. अंगठी घरीच ठरलेल्या डबीत राहू दे. दुकानातल्या खिळ्यावर किंवा खिशात ठेवली की हरवलीच समज.

आता अंगठी कोणती. सोनाराला साधी, भरीव, बिनखड्याची अंगठी सांग. साडेतीन मिलिमीटर रुंद, सव्वा मिलिमीटर जाड, आतल्या कडा गोल केलेल्या. एवढी अंगठी बावीस कॅरेटमध्ये पाच ग्रॅमच्या आसपास बसते, म्हणजे तुझ्या अर्ध्या तोळ्यातच. आतल्या गोल कडा विसरू नकोस. रोज काढ-घाल करताना अंगठी सांध्यावरून सरकते ती त्यांच्यामुळेच, आणि बोटालाही काचत नाही.

त्याच पैशात आईला हवी तशी ठसठशीत अंगठी केली, तर ती पोकळ निघेल. पोकळ अंगठी दाबली की चेपते. खडा ज्या बारीक काट्यांनी धरलेला असतो, ते कापसाच्या बोंडात, कपड्यात अडकून वाकतात आणि एक दिवस खडा गळून पडतो. खाचेत ग्रीस बसतं ते वेगळंच.

अठरा कॅरेट बावीसपेक्षा टणक असतं, त्यावर ओरखडे कमी पडतात. चोवीस तास बोटात राहणार असती तर तेच घे म्हटलं असतं. पण ही कामाच्या वेळी निघणार आहे, आणि गावाकडे मोडीला बावीसचंच बरं चालतं. म्हणून बावीस घे. टंगस्टनची अंगठी मात्र घेऊ नकोस. ती कापता येत नाही, पकडीने दाबून फोडावी लागते. वाढवता-कमी करता येत नाही, ते वेगळं. सोन्याची अंगठी दवाखान्यात दोन मिनिटांत कापून निघते.

सगळ्यात जास्त चुका मापात होतात. पाना-हातोडा धरणाऱ्या हाताचे सांधे जाड असतात. माप सांध्याचं बघावं लागतं, बोटाच्या मुळाचं नाही. दोरा ताणला जातो, त्यावर विसंबू नका. जुनी अंगठी पाठवूनही उपयोग नाही, ती कोणत्या बोटाची होती कोण जाणे. त्याने स्वतः सोनाराकडे जावं, दिवसभराचं काम आटोपल्यावर संध्याकाळी, आणि ज्या बोटात घालणार त्याच बोटात मापाच्या कड्या घालून बघाव्यात. सांध्यावरून थोडी अडून, हलकेच फिरवल्यावर निघेल ते माप खरं. तुमचं साक्षगंध थंडीत आहे. थंडीत बोटं बारीक असतात, आणि मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात तीच फुगतात. सकाळी घेतलेलं माप तेव्हा आवळतं. दोन मापांत अडलं तर मोठं घ्यावं.

ऑर्डर किमान दोन आठवडे आधी दे, कारण घडवलेली अंगठी शुद्धतेच्या शिक्क्यासाठी हॉलमार्क केंद्रावर जाऊन यावी लागते. हातात आली की आत तीन गोष्टी बघ: बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, बावीस कॅरेटचा २२के९१६ हा आकडा आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. तो क्रमांक मोबाइलवर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून दुकानातच तपास. बिलावर वजन, कॅरेट आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घे. आत नाव कोरायचं असेल तर हॉलमार्कपासून दूर कोरायला सांग.

कधी अंगठी अडकली तर ओढायची नाही. हात डोक्याच्या वर पाच मिनिटं धरायचा, मग थंड पाणी, मग साबण किंवा खोबरेल, आणि फिरवत फिरवत काढायची. बोट निळं पडलं किंवा बधिर झालं तर थेट दवाखाना.

आईला हे सगळं तू सांगितलंस तर ती म्हणेल, पोरगी आत्ताच सासरची बाजू घेते. सोनाराकडे तिलाच घेऊन जा आणि भरीव आणि पोकळ अशा दोन्ही अंगठ्या तिच्या हातात दे. वजनातला फरक तिला लगेच कळेल. तरी खड्याचा हट्ट राहिलाच, तर खडा तुझ्या अंगठीला लावा. तो कामाला जाताना काढतो याचं वाईट वाटत असेल, तर एवढं त्याला सांग: संध्याकाळी हात धुऊन घरात आलास की घालत जा. त्याला ते जड जाणार नाही.