एमबीबीएस न करता वैद्यकीय संशोधन संस्थेत काम करता येतं का? तिथे नेमकं कशावर संशोधन चालतं?

येतं. मी केलंय. एम.एस्सी. प्राणिशास्त्र, आणि त्या जोरावर सहा वर्षं गोचिडी वेचल्या. हे शेवटचं वाक्य माझ्या काकांचं. माझ्या साखरपुड्यात, व्याह्यांसमोर म्हणाले, "डॉक्टर वगैरे काही नाही हो, गोचिडी वेचतो."

तर त्या गोचिडींबद्दलच सांगतो.

2016 मध्ये सिंधुदुर्गात, बांदा-दोडामार्ग पट्ट्यात, माकडतापाची साथ आली. हा रोग पहिल्यांदा सापडला 1957 मध्ये, कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात. माकडं पटापट मरत होती, त्यामुळे आधी पीतज्वराचा संशय आला. विषाणू शोधला पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था). नाव माकडताप असलं तरी माणसाला तो होतो गोचीड चावून. आणि गोचिडीची पिल्लं रानात सर्वांत जास्त असतात नेमकी काजूच्या हंगामात, जेव्हा अख्खं गाव बागेत असतं.

मी गेलो ते साथ ओसरल्यावर, एका प्रकल्पावर. पँट मोज्यात खोचलेली, हातापायाला गोचिडी दूर ठेवणारं डेपा तेल चोपडलेलं, आणि काठीला बांधलेला पांढऱ्या फ्लॅनेलचा मीटरभर तुकडा. तो पातेऱ्यावरून (वाळक्या पानांच्या थरावरून) ओढत चालायचं, दर चार पावलांनी उलटा करून बघायचा. तिळाहून बारीक ठिपका दिसतो आणि तो चालायला लागतो. चिमट्याने उचलायचा, कुपीत टाकायचा, कुपीवर जागा आणि तारीख लिहायची. पुढे प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली जात ओळखायची (मुख्य गुन्हेगार हिमॅफायसॅलिस स्पिनिजेरा) आणि मग विषाणूची तपासणी.

दोन तासांत जेमतेम सात मिळाल्या. बागेत बोंडं पिळून बिया वेगळ्या करत बसलेली एक आजी कधीची बघत होती. म्हणाली, "रान पुसतंस काय रे बाबू?" मी काय करतोय ते सांगितलं. तर म्हणते, "हयसर काय गावचा नाय. व्हाळाकडे जा, थंय माकड मेलला."

व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे गेलो. फडकं काळं झालं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण कुप्या संपल्या. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या रक्त प्यायलेल्या गोचिडी तिथेच आसपास गळतात आणि त्यांच्या वाढीची पुढची अवस्था तिथेच तयार होते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. कुठल्या व्हाळाकडे, ते आजीला माहीत होतं.

आता तुमचा प्रश्न. विषय संस्थेगणिक बदलतात: पुण्यात विषाणू, मुंबईत केईएमच्या आवारात रक्ताचे आजार, चेन्नईत क्षयरोग, हैदराबादला पोषण, पुदुच्चेरीला डास आणि इतर कीटक. माणसंही तशीच मिसळलेली. सूक्ष्मजीवशास्त्रवाले, पशुवैद्य, संख्याशास्त्रज्ञ, आमच्यासारखे किडेवाले आणि हो, डॉक्टरही. रस्ता म्हणाल तर एम.एस्सी., मग जेआरएफची (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीची) परीक्षा, मग पीएच.डी.

आणि "डॉक्टर नाही तर काय संशोधन करणार" म्हणणाऱ्यांसाठी: ज्याच्या नावाची संस्था परळला आहे तो हाफकिन प्राणिशास्त्रच शिकलेला होता. प्लेगची लस त्याने मुंबईत तयार केली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला लस टोचलेली 19 माणसं धनुर्वाताने दगावली, तेव्हा खापर याच्यावर फुटलं. निर्दोष ठरायला 1907 उजाडलं. एनआयव्हीचे एक संचालक टी. रामचंद्र राव हेही कीटकशास्त्रज्ञ. म्हणजे काकांच्या भाषेत किडे वेचणारे.

एक राहिलं, ते आधीच सांगायला हवं होतं. रुग्णाला औषध देऊन बघायचे प्रयोग असतील तर तिथे डॉक्टर लागतोच, आणि लागायलाच हवा. शिवाय प्रकल्पावरची नोकरी वर्षावर्षाच्या करारावर असते. माझ्या संस्थेत मुदतवाढीचं पत्र एकदा तीन महिने आलं नव्हतं, ते महिने बायकोच्या पगारावर काढले. घरात दुसरा पगार नसेल तर आधी नीट विचार करा.

काका काही इथे येत नाहीत. पण त्यांचा धाकटा या साइटवर असतो. बाबा रे, हाफकिनचा परिच्छेद तेवढा त्यांना मोठ्याने वाचून दाखव.