जुन्या ब्रनो रायफलीला जास्त पैसे मोजले तर नंतर पश्चात्ताप होतो का?

प्रश्न: पुण्यात राहतो. रेंजवरच्या नेमबाजीसाठी .२२ रायफलचा परवाना नुकताच हातात आला आहे. एक गृहस्थ जुनी ब्रनो, म्हणजे चेकोस्लोव्हाकियात बनलेली रायफल, साडेतीन लाखांना सांगताहेत. नवी देशी रायफल त्यापेक्षा बरीच स्वस्त आहे. एवढे जास्त पैसे देऊन बंदूक घेतलेलं कोणी आहे का इथे? पश्चात्ताप होतो का?

उत्तर:

मी आहे. २०२० साल, ब्रनो मॉडेल टू, दोन लाख नव्वद हजार. त्यातले पंधरा हजार तर निव्वळ दंडाचे होते, कशाचा दंड ते पुढे येईल. पश्चात्ताप एकदाही झालेला नाही. तो व्हावा म्हणून आमच्या नात्यातले एक गृहस्थ गेली कैक वर्षं जिवाचं रान करताहेत, तरी नाही.

परवाना, घरातली तिजोरी, रेंजची मेंबरशिप हे सगळं तुमचं झालेलं दिसतंय, त्यामुळे थेट किमतीवर येतो.

'जास्त' म्हणजे कशाच्या मानाने जास्त? साध्या परवानेदाराने परदेशी बंदूक बाहेरून मागवणं ऐंशीच्या दशकातच बंद झालं. त्याआधी जेवढा माल देशात आला, तोच आजवर या हातातून त्या हातात फिरतोय. त्यातला काही गंजला, काही जमा झाला, नव्याची भर जवळजवळ नाही. अशा वस्तूला एमआरपी कुठून असणार? अमेरिकेत हीच रायफल काहीशे डॉलरला मिळते, हे मला पन्नास जणांनी ऐकवलंय. मिळत असेल. मी सहकारनगरात राहतो.

दुसरी गोष्ट तुम्ही हिशेबात धरलेलीच नाही. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर साध्या परवानेदाराला बंदुका दोनच. आधी तीन चालायच्या. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या मेंबरला रेंजवरच्या .२२ पुरती सूट असते; ती तुम्हाला लागू नसेल तर तुमच्याकडे जागा दोनच आहेत. त्यातली एक 'स्वस्त पडली' म्हणून भरायची आणि मग दर रविवारी शेजारच्या लेनमधल्या माणसाच्या ब्रनोकडे बघत बसायचं, हा माझ्या मते खरा महाग सौदा.

आता माझी गोष्ट.

भोसरीला माझी छोटी टूलरूम आहे. डाय म्हणजे साचे, फिक्स्चर, गेज. तीस वर्षं शतांश मिलिमीटरशी भांडतोय. बालेवाडीच्या रेंजवर एका ओळखीच्याने त्याच्या ब्रनोचा बोल्ट, म्हणजे गोळी नळीत सारणारा मागेपुढे सरकता दांडा, एकदा मला ओढायला दिला. मागे घेतला, पुढे लोटला, खाली दाबला. कुठे खडखड नाही, कुठे अडणं नाही, लोण्यातून सुरी जावी तसं. साठसत्तर वर्षांपूर्वी कुणीतरी फिटरने तो तसा बसवलाय आणि तो अजून तसाच आहे. नळीवर 'मेड इन चेकोस्लोव्हाकिया' कोरलेलं. तो देश १९९३ पासून नकाशावर नाही, पण फिटिंग शाबूत. आपल्या फौजेने कित्येक वर्षं वापरलेली ब्रेन गन ही हलकी मशीनगन मूळची याच ब्रनो गावची. त्या नावातला 'ब्र' ब्रनोचा आणि 'एन' इंग्लंडातल्या एनफिल्डचा. असो. त्या दिवसापासून मला ब्रनोच हवी होती, ते घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि तिथेच घोळ झाला.

साताऱ्यातले एक निवृत्त डॉक्टर ब्रनो विकणार असल्याचं कळलं. त्यांच्याकडे तीन बंदुका. वडिलांची बाराबोअर, एक रिव्हॉल्व्हर आणि ही. नव्या कायद्याने वर्षभरात, म्हणजे डिसेंबर २०२० पर्यंत, तिसरी सोडणं भाग होतं. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं, म्हणून रायफल काढायची ठरली. फोनवर त्यांनी किंमत सांगितली, दोन पंच्याहत्तर.

फेब्रुवारीत गेलो. चूक एकच केली, साडूंना बरोबर नेलं.

आमचे साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सगळी नोकरी सरकारी कारखान्याच्या अकाउंट्समध्ये झाली. कारखान्यात काडतुसं बनत, त्यामुळे बंदुकीतलं आपल्याला कळतं असं ते धरून चालतात. तुळशीबागेत दोनशेची वस्तू ऐंशीला आणल्याचे त्यांचे किस्से आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहेत.

डॉक्टरांनी जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरून रायफल ठेवली होती. बोल्ट काढून बाजूला, मॅगझीन रिकामं करून त्याच्या शेजारी. बंदूक दाखवायची रीत ही. मी हात पुसून पुढे होतोय, तोवर साडूंनी नळीत डोकावूनही न बघता आकडा टाकला.

"एक ऐंशी."

डॉक्टर नुसते हसले. तिथे थांबायला हवं होतं. साडू म्हणाले, "डॉक्टर, डिसेंबरनंतर हिची किंमत शून्य आहे. पोलीस ठाण्यात जमाच करावी लागणार ना? आम्हाला काय, आम्ही थांबू."

डॉक्टरांनी बोल्ट बसवला, रायफल फडक्यात गुंडाळली, आत नेऊन कपाटात ठेवली आणि कुलूप लावल्याचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू आला. परत येऊन विचारलं, "चहा साखरेचा की बिनसाखरेचा?" चहा झाला. निघताना दारात एवढंच बोलले, "जमा करायची वेळ आली तर जमा करीन. पण एक ऐंशीला देणार नाही."

येताना साडूंनी साताऱ्यात दोन किलो कंदी पेढे घेतले. सांगितल्या भावाने. एक रुपया कमी करायला सांगितला नाही. मी गाडीत बसून बघत होतो.

गाडीत म्हणे, "बघा, सप्टेंबरपर्यंत स्वतः फोन करतील."

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. मे महिन्यात मीच डॉक्टरांना फोन केला, तब्येतीची चौकशी करायला. मनात रायफल होती, नाही कशाला म्हणू, पण तो विषय काढला नाही. त्यांनी काढला. १९७६ साली त्यांनी ती अडीच हजारांना घेतली होती, तेव्हा त्यांचा पगार महिना आठशे. तेव्हाही घरात बोलणं झालं होतं म्हणे. मग दर पंधरा दिवसांनी आमचा फोन होऊ लागला. नळीला कोणतं तेल, पावसाळ्यात कापडी कव्हरात का ठेवायची नाही, असं बरंच.

सप्टेंबरमध्ये जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागायचा तो बंद झाला आणि मी एकटा साताऱ्याला गेलो. पुन्हा तेच टेबल, तेच फडकं. या वेळी त्यांनी आधी दोन दोष दाखवले. मॅगझीनची स्प्रिंग मेलेली आहे, पाचवी गोळी वर येत नाही. आणि लाकडी बटाला मागच्या स्क्रूपाशी केसाएवढी चीर आहे. मग म्हणाले, आता नळीत बघा. बघितलं. आरसा.

"किंमत?" मी विचारलं.

"दोन नव्वद."

"फेब्रुवारीत दोन पंच्याहत्तर होती ना?"

"वरचे पंधरा तुमच्या साडूंचे."

मी हो म्हटलं. घासाघीस केली नाही. काय तोंडाने करणार?

पुढे कागदपत्रं. विक्री करायची असल्याचं आणि घेणाऱ्याचं नाव लेखी कळवावं लागतं, त्यानंतर पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं, हे तुम्हाला माहीत असेलच. दिवाळीच्या आधी रायफल घरी आली. स्प्रिंग आणि बटाची चीर मिळून आणखी नऊ हजार गेले. भोसरीत माझ्याकडे लेथ आहे, मिलिंग आहे, हात नुसते शिवशिवत होते. पण बंदुकीची दुरुस्ती परवाना असलेल्या कारागिरानेच करायची असते, तेव्हा तुमच्याकडे लेथ असला तरी तो मोह नको.

तेव्हापासून मुंज असो, सत्यनारायण असो, दसऱ्याचं सोनं द्यायला आलेले असोत, साडूंचं एकच पालुपद. "फसवलं हो तुम्हाला त्या डॉक्टरांनी. तीन लाखांत सेकंडहँड स्विफ्ट आली असती."

फसणं कशाला म्हणतात? माल एक सांगून दुसरा दिला तर मी फसलो. नळीतला गंज तेलाखाली लपवला, नंबर घासला, कागद अर्धवट दिले तर फसलो. इथे विकणाऱ्याने दोष स्वतःच्या बोटाने दाखवले, आकडा तोंडावर सांगितला आणि मी शुद्धीत असताना तो दिला. जास्त दिले, मान्य. किती जास्त दिले तेही मला ठाऊक आहे, चाळीसेक हजार. साडूंच्या पंधरासकट. पण जास्त देणं वेगळं. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक स्वस्तातला डाय घेऊन जातं आणि सहा महिन्यांनी तोच रडत परत आणतं. ते फसणं. त्याच्या खात्यावर पैसे वाचलेले दिसतात, म्हणून साडूंसारख्यांना ते कळत नाही.

आणि स्विफ्ट घेऊन मी तिच्यात बसून काय बघणार होतो, नळ स्टॉपचा सिग्नल?

रविवारी सकाळी रेंजवर पालथा झोपतो. पन्नास मीटरवर कागद. त्यावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे रुपयाच्या नाण्याच्या जेमतेम निम्मं. तिथून ते दिसतही नाही, फक्त काळा ठिपका दिसतो आणि मध्यभाग मनाने धरायचा. अर्धा श्वास सोडायचा, बोट दाबत न्यायचं, सुटेल तेव्हा सुटेल. मग बोल्ट. खरं सांगू, निम्मी मजा त्या बोल्टची. गोळी नवात लागो की सातात, बोल्ट मागे घेतला की पैसे वसूल. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला याच पन्नास मीटरवर तीन पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं, तेव्हा आमच्या रेंजवर महिनाभर लेन मिळत नव्हती. साडूंचा नातूसुद्धा आला होता. त्याला एअर रायफल हातात घ्यायची सोडून ब्रनोच बघायची होती. बघू दिली, रिकामी, फडक्यावर ठेवून.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी, ज्या खरं तर सुरुवातीला सांगायला हव्या होत्या.

स्पर्धेत खरंच वर जायचं असेल तर ब्रनो घेऊ नका. ती स्पर्धेची रायफल नव्हे, हौशी माणसाची आहे. तिथे अ‍ॅन्शुट्झ, वाल्थर अशा जर्मन रायफलीवाले असतात आणि नामांकित नेमबाजांना बाहेरून मागवायची वेगळी सोय असते. तुमच्या कोचला विचारा.

'गुंतवणूक' म्हणून मनाची समजूत घालू नका. माझ्या रायफलीला मागच्या वर्षी एकाने पावणेचार सांगितले. साडू लगेच म्हणाले, विका मग! विकायची असती तर घेतली कशाला असती? शिवाय आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा करायची भानगड असते. रेंजचं पत्र जोडून सूट मिळते, पण एका निवडणुकीत मला मिळाली नाही. परत आली तेव्हा नळीवर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा गंजून उमटला होता. तो अजून आहे.

कर्ज काढून घेणार असाल तर वरचं सगळं विसरा आणि देशी घ्या. तीही मारते.

साडेतीन लाख योग्य आहेत का, ते नळी बघितल्याशिवाय मी काय सांगू? .२२ची शिशाची गोळी नळी फारशी झिजवत नाही. नळी मरते गंजाने आणि पुढच्या तोंडातून गज घालून साफ करणाऱ्यांमुळे. म्हणून नळीचं तोंड भिंगाने बघा, कड शाबूत हवी. बोल्टवरचा आणि बॉडीवरचा नंबर जुळतो का बघा, आणि तोच विकणाऱ्याच्या परवान्यावर आहे का तेही. एक आकडा इकडचा तिकडे असेल तर चहा पिऊन परत या. मालकाला दोष विचारा आणि गप्प बसा. 'काही नाही हो, एक नंबर आहे' म्हणाला तर पन्नास हजार कमी सांगा. स्वतःहून दाखवले तर सांगेल ते द्या.

पंधरा हजारांचं साडूंना अजून कोणी सांगितलेलं नाही. बायकोने शपथ घातली आहे, बहिणीला वाईट वाटेल म्हणून. तोंडाने सांगणार नाही असं मी कबूल केलं होतं. ते रोज सकाळी इथली उत्तरं वाचतात आणि फॅमिली ग्रुपवर टाकतात.

बघायला जाताना परवान्याची मूळ प्रत न्या, झेरॉक्सवर लोक दार उघडत नाहीत. आणि एकटे जा.