सीटी व्हॅल्यू वाढली, तरी आजार का वाढला?

प्रश्न : भाऊ (वय ३४) आणि वडील (वय ६९) यांना एकाच वेळी कोविड झाला. भावाची तपासणी ताप आल्याच्या दुसऱ्या दिवशी झाली, त्याची सीटी व्हॅल्यू १८ आली. वडिलांची सहाव्या दिवशी झाली, ती २९ आली. भावाचा व्हायरल लोड (शरीरातील विषाणूचे प्रमाण) जास्त म्हणून आम्ही त्याच्याच काळजीत होतो, पण तो पाच दिवसांत बरा झाला. वडिलांना मात्र दम लागू लागला आणि फेरतपासणीत सीटी व्हॅल्यू ३४ येऊनही त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अहवाल चुकीचा होता का?

उत्तर : अहवाल बहुधा बरोबरच होता, मात्र आपण त्याला जो प्रश्न विचारलात, त्याचे उत्तर देण्यासाठी ती तपासणी नसते. आरटी-पीसीआरमध्ये विषाणूचा जनुकीय अंश आवर्तनागणिक सुमारे दुप्पट केला जातो आणि तो ठरावीक पातळी कितव्या आवर्तनाला ओलांडतो, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. त्यामुळे आकडा जितका लहान, तितका नमुन्यात विषाणू अधिक. १८ आणि २९ यांत ११ आवर्तनांचे अंतर आहे, म्हणजे कागदावर जवळजवळ २,००० पटींचा फरक. एवढा मोठा फरक पाहून कोणीही घाबरेल, पण त्याचा बराचसा भाग नमुना कोणत्या दिवशी घेतला, यातूनच आलेला असू शकतो. कोविडमध्ये नाकाघशातील विषाणू लक्षणे सुरू होण्याच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि पुढे उतरत जातो. भावाचा नमुना त्या शिखराजवळचा होता, वडिलांचा उताराला लागल्यानंतरचा.

शिवाय एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस बी यांचा व्हायरल लोड रक्ताच्या मोजलेल्या प्रमाणात काढतात आणि तो प्रमाणित एककात लिहितात, म्हणूनच त्यावर उपचार ठरवता येतात. स्वॅबचे तसे नाही. काडी किती आत गेली, किती वेळ फिरवली, तिच्यावर किती पेशी आल्या, यावर आकडा हलतो. किट बदलले किंवा विषाणूचे वेगळे जनुक तपासले, तरीही तो हलतो. एकाच रुग्णाच्या दोन अहवालांत दोन-तीन आवर्तनांचा फरक दिसला, तर त्यावरून प्रकृती सुधारली किंवा बिघडली असे मी तरी म्हणणार नाही. अहवालासोबत मानवी जनुकाच्या नियंत्रण-चाचणीचा, म्हणजे काडीवर रुग्णाच्या पेशी पुरेशा आल्या का हे दाखवणाऱ्या चाचणीचा, निकाल दिलेला असेल, तर तो जरूर पाहावा, कारण तो क्षीण असेल तर मुळात नमुनाच नीट मिळालेला नसतो आणि मोठ्या सीटी व्हॅल्यूवर विसंबण्यात अर्थ राहत नाही.

आता वडिलांविषयी. दुसऱ्या आठवड्यात दम लागतो, तेव्हा घशातील विषाणू बहुतेक वेळा ओसरत आलेला असतो, मात्र फुप्फुसांतील दाह, म्हणजे शरीराची स्वतःचीच प्रतिक्रिया, वाढत असते. कधी घशाचा नमुना निगेटिव्ह येतो आणि फुप्फुसांतून घेतलेल्या स्रावात विषाणू सापडतो. डेक्सामेथासोन हे औषध विषाणू मारत नाही, तरीही ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे मृत्यू त्याने कमी होतात, हे २०२० मध्ये मोठ्या चाचणीतून सिद्ध झाले. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही. आजाराच्या या टप्प्यात विषाणूपेक्षा दाह घातक ठरतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मला सुचत नाही. म्हणून ६९ वर्षांच्या रुग्णाच्या बाबतीत ऑक्सिजनची पातळी ९४ टक्क्यांखाली जाते का, थोडे चालल्यावर ती घसरते का, स्वस्थ बसले असतानाही मिनिटाला २४ हून अधिक श्वास होतात का, हे पाहायला हवे. यातील काहीही दिसले, तर सीटी व्हॅल्यू कितीही दिलासा देणारी असो, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : मला कोविड होऊन तीन आठवडे झाले. एरवी मला कोणताही आजार नाही आणि आता काही त्रासही नाही, तरी पीसीआर पॉझिटिव्ह आली आहे, सीटी व्हॅल्यू ३६. आईची केमोथेरपी चालू आहे. तिला भेटू का?

उत्तर : भेटायला हरकत नाही. पीसीआरला जिवंत विषाणू आणि त्याचे उरलेले तुकडे यांत भेद करता येत नाही. असे तुकडे कित्येक आठवडे सापडत राहतात. सौम्य आजारात, रोगप्रतिकारशक्ती चांगली असेल तर, वाढू शकणारा विषाणू साधारण दहा दिवसांनंतर क्वचितच मिळतो. नव्याने खोकला किंवा ताप आला, तर मात्र भेट पुढे ढकलावी.

आपल्या आईंनाच कोविड झाला, तर मात्र हे दहा दिवसांचे गणित लागू होत नाही. प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णांत जिवंत विषाणू आठवडेच काय, काही वेळा महिनेही टिकतो. अशा वेळी एकाच लॅबमधून, एकाच पद्धतीने ठरावीक अंतराने केलेल्या तपासण्यांचा कल डॉक्टरांना खरोखर उपयोगी पडतो. त्यांना ताप किंवा खोकला आला, तर पहिल्याच दिवशी केमोथेरपीच्या डॉक्टरांना कळवावे, कारण विषाणूविरोधी गोळ्या कोविडमध्ये लक्षणे दिसल्यापासून पाच दिवसांच्या आत आणि फ्लूमध्ये शक्यतो ४८ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. अहवालाची वाट पाहत घरी थांबू नये.