तर्फ, संमत, बुद्रुक : सातारा-सांगलीच्या गावांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावाचे नाव कागदोपत्री ‘आंबवडे सं. वाघोली’ असे लिहितात. हे ‘सं.’ म्हणजे संस्थान आहे का? वाघोली हे तर वेगळे गाव आहे.
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : ‘सं.’ म्हणजे संमत. जुन्या कागदांत ते ‘समत’ असेही लिहिलेले आढळते. तर्फ, संमत, परगणा, प्रांत ही सारी महसुली वाटणीची नावे असून, काही गावे मिळून एक संमत किंवा तर्फ होत असे. एकाच नावाची अनेक गावे असली, की कोणाचा वसूल कोणाच्या खाती पडला याचा घोळ होई, म्हणून गावाच्या नावामागे त्याच्या तर्फेचे किंवा संमताचे नाव लिहीत. कोरेगाव तालुक्यातच आपल्या आंबवड्याबरोबर आंबवडे संमत कोरेगाव आहे आणि शेजारच्या सातारा तालुक्यात अंबवडे बुद्रुक व अंबवडे खुर्द अशी आणखी दोन गावे आहेत, हे पाहिले म्हणजे त्या कारकुनांची अडचण ध्यानात येते. सातारा तालुक्यातील करंजे तर्फ सातारा आणि करंजे तर्फ परळी ही जोडी याच रीतीची आहे. परळी म्हणजे सज्जनगडाच्या पायथ्याचे गाव. आज ते तालुक्याचेही ठिकाण नाही, पण एके काळी आसपासच्या गावांचा कारभार त्याच्या नावाने चाले, ही गोष्ट करंज्याच्या नावाने जपून ठेवली आहे.

बुद्रुक आणि खुर्द हे शब्द फारसीतून आले. थोरले ते बुद्रुक आणि धाकटे ते खुर्द. माण तालुक्यातील गोंदवले बुद्रुक व गोंदवले खुर्द ही नावे बहुतेकांना ठाऊक आहेत. रेठऱ्याचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. कऱ्हाड तालुक्यात रेठरे बुद्रुक व रेठरे खुर्द, तर वाळवा तालुक्यात रेठरे धरण व रेठरे हरणाक्ष, अशी चार रेठरी आहेत आणि त्यांत गल्लत होऊ नये म्हणून प्रत्येकाने आपली वेगळी ओळख नावातच बांधून घेतली आहे. ‘कसबे’ आणि ‘मौजे’ हे शब्द नावाच्या आधी येतात. बाजारपेठ आणि कारभाराचे ठाणे असलेले गाव कसबा, नुसते शेतीचे गाव मौजे. मिरज तालुक्यातील कसबे डिग्रज आणि मौजे डिग्रज या दोन गावांत हा भेद अजून शाबूत आहे.

ही पद्धत पेशवाईबरोबर संपली असेही नाही. वाठार निंबाळकर हे नाव फलटणच्या निंबाळकरांची आठवण सांगते आणि वाठार किरोली शेजारच्या किरोलीची. पुणे-मिरज रेल्वे झाल्यावर मात्र एका वाठाराला ‘स्टेशन’ हीच ओळख मिळाली, कारण महाबळेश्वरला जाणारे प्रवासी तेथे उतरत. सातारा तालुक्यातील अपशिंगे गावाला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातील 46 जवान कामी आले, आणि त्यांच्या स्मरणार्थ इंग्रज सरकारने गावात स्मृतिशिला बसवली. बसच्या पाटीवर जागा पुरत नाही म्हणून ‘अपशिंगे’ एवढेच लिहिणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : किर्लोस्करवाडी, ओगलेवाडी या ‘वाड्या’ कशा? तेथे तर कारखाने होते.
– एक शिक्षिका, पलूस

उत्तर : मूळ गावाच्या हद्दीत शेताजवळ वसलेली छोटी वस्ती ती वाडी, आणि तिला बहुधा तेथे राहणाऱ्या घराण्याचे नाव मिळे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कुंडलजवळच्या माळावर नांगराचा कारखाना उभारला, तेव्हा ही जागा औंध संस्थानची होती व राजेसाहेबांनी ती दिली होती. कामगारांची घरे तेथे उभी राहिली आणि नव्या वसाहतीला लोकांनी जुन्या रीतीनेच नाव दिले. आधी ‘कुंडल रोड’ असलेले स्टेशनही पुढे किर्लोस्करवाडी झाले. ओगलेवाडी हे कऱ्हाडजवळचे नाव ओगले बंधूंच्या काच कारखान्यामुळे पडले. तेथला प्रभाकर कंदील घरोघरी होता. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर हेही औंध संस्थानातलेच. 1939 मध्ये तेथे कैद्यांसाठी खुली वसाहत सुरू झाली. एवढ्याशा संस्थानाने जिल्ह्याच्या नकाशात घातलेली ही भर आहे.

प्रश्न : आमच्या गावाचे नाव पांडवांवरून पडले असे वडीलधारी सांगतात. हे खरे मानावे का?
– एक विद्यार्थी, जत

उत्तर : कथा लिहून ठेवावी, पण तिला पुरावा मानू नये. जत तालुक्यात तर आणखी एक काळजी घ्यावी लागते, कारण तेथे मराठी आणि कानडी पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत आहेत. दानम्मादेवीच्या गुड्डापुराचा अर्थ मराठीत शोधत बसल्यास काहीतरी ओढूनताणून काढावे लागते. कानडीत ‘गुड्ड’ म्हणजे टेकडी, हे कळले की वाट सरळ होते. आपल्या गावाचे नाव आधी कानडी जाणणाऱ्या शेजाऱ्याला विचारावे.

प्रश्न : आमची वाडी जनगणनेच्या यादीत नाही. तिचा इतिहास कोठे शोधावा?
– एक शेतकरी, पाटण

उत्तर : जनगणना महसुली गावांची यादी देते आणि वाडी मूळ गावाच्या पोटात मोजली जाते, म्हणून यादीत नाव नसले तरी निराश होऊ नये. प्रथम सातबारा उताऱ्यावरील ‘शेताचे स्थानिक नाव’ हा रकाना पाहावा. माळ, दरा, पट्टी, खोरी अशी नावे तेथे येतात, आणि मोडलेल्या वस्तीचे किंवा बुजलेल्या विहिरीचे नाव शेताला राहून गेलेले असण्याचा संभव असतो. त्यानंतर मूळ गाव पूर्वी कोणत्या तर्फेत होते ते शोधावे, कारण पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दफ्तर पाहायचे तर तर्फ आणि प्रांत माहीत असल्याने शोध पुष्कळ सोपा होतो. ते कागद मोडीत आहेत, तेव्हा मोडी जाणणारा माणूस बरोबर हवा. कोयना धरणात बुडालेल्या गावांचे जे लोक अन्यत्र वसले, त्यांनी तर हे काम आजच हाती घ्यावे. बुडालेल्या शिवारातली नावे आता केवळ वृद्धांच्या तोंडी आहेत, आणि कोणते शेत कोणाचे, ओढ्याला काय म्हणत, देवराई कोठे होती, हे त्यांच्याकडून आताच वहीत उतरवून घ्यावे.