आधी इंजिन जमिनीवर चालव

तुझा रात्री दीडचा मेसेज वाचला. घरी बांधायच्या विमानासाठी मारुती ८०० चं जुनं कार्बोरेटरवालं इंजिन मिळतंय, बेल्ट लावू की गिअर की सरळ क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरच प्रोपेलर, आणि तोवर पंखाच्या रिब्ज, म्हणजे आतल्या फासळ्या, कापायला घेऊ का. नको घेऊस. आधी इंजिन जमिनीवर बांधून ५० तास चालव आणि वहीत लिही.

सरळ प्रोपेलर विसर. ते इंजिन ताकद देतं ५००० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास, तिथे दीड मीटरच्या प्रोपेलरची टोकं सेकंदाला ३९० मीटरने फिरतील, आवाजाच्या वेगापेक्षा जास्त, म्हणजे नुसता कल्ला, ओढ नाही. फोक्सवॅगन बीटल गाडीचं इंजिन थेट चालतं कारण ते ३२०० ला पुरेसं ओढतं. तुला रिडक्शन, म्हणजे फेरे कमी करून प्रोपेलरला देणारा बेल्ट किंवा गिअर, लागणारच, पण मग क्रँक आणि प्रोपेलर एकमेकांना पिळायला लागतात, आणि नेमक्या कुठल्या आरपीएमला ती थरथर वाढते हे तुझ्या एक्सेल शीटमध्ये दिसणार नाही, स्टँडवरच कळेल.

आमचं बीटलचंच होतं, कुर्ल्याहून आणलेलं. भांडुपच्या गाळ्यात एका सीटचं विमान, पंखांवर कापड चढवून झालेलं, आणि इंजिन चाललेलं जेमतेम चार तास, तेही अर्ध्या थ्रॉटलवर, बघायला येणाऱ्यांसाठी. गाडीत इंजिनाला पूर्ण जोर क्षणभरच लावावा लागतो रे, विमानात पाऊण ताकद तासभर लागते. पहिल्यांदा फुल थ्रॉटल दिला, अकराव्या मिनिटाला एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं, धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेचं, डोकं तुटून पिस्टनमध्ये रुतलं. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उघडलं तेव्हा ते तिथे तिरकं बसलेलं होतं, कडा निळसर. हेडच्या टेम्परेचरचा एक आकडा लिहिलेला नव्हता, त्यामुळे का तुटलं ते मला आजही सांगता येत नाही.

पार्टनर सोडून गेला. लोक म्हणाले हा घाबरला. मी घाबरलो नव्हतो, तेच इंजिन परत बांधून ६२ तास चालवलं, वह्या आहेत माझ्याकडे, तोवर गाळा हातचा गेला त्याला मी काय करू.

कांदिवलीत अमोल यादवांनी गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं हे मलाच सांगतोस, त्यात किती वर्षं गेली ते नाही सांगत.

आणि चालव ते पावसाळ्यातच. आपल्या दमट हवेत २५ डिग्रीलाही कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो, थ्रॉटल कमी केला की जास्तच, म्हणून गरम हवेची सोय आधी कर. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि जुनं रबर खातं, म्हणून जुने रबरी पाइप फेकून दे. दर तासाला तेल, हेड टेम्परेचर, आरपीएम. लिही म्हणजे लिही, मोबाइलमध्ये फोटो नको.

स्टँड माझ्याकडे ठाण्याला पडून आहे, शनिवारी टेम्पो घेऊन ये. स्टँड बांधायला साखळ्या नव्या घे, आणि प्रोपेलर फिरतो त्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नकोस.