टच मारणारा हात, टच घेणारा हात

प्रश्न : मी सव्वीस वर्षांची असून गेली बारा वर्षे तलवारबाजीतील इपी हा प्रकार खेळते आहे. विद्यापीठाच्या आणि राज्याच्या संघातून खेळले. मात्र गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर लंज (पुढचा पाय लांब टाकून मारलेली झेप) पूर्वीसारखा लागत नाही. नाशिकमधील एका शाळेने मुलींना शिकवण्यासाठी बोलावले आहे. घरची मंडळी बँकेच्या परीक्षा दे म्हणतात. मी खेळाडू म्हणून बरी होते, एवढ्यावर प्रशिक्षक होता येईल का?
– एक खेळाडू, पंचवटी

उत्तर : एवढ्यावर होता येणार नाही, पण ही शिदोरी वाया जाणारीही नाही. मी स्वतः याच वाटेने आलो असल्यामुळे सर्वांत अवघड गोष्ट आधी सांगतो. बारा वर्षे तुमच्या हाताला एकच शिकवण मिळाली आहे : समोरच्याचे टोक अंगाला लागू द्यायचे नाही. इपीत तर डोक्यापासून पायापर्यंत सारे शरीर लक्ष्य असते, अग्रहक्काचा (आधी हल्ला सुरू करणाऱ्यालाच गुण देण्याचा) नियम नसतो, आणि सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत दोघांचे टच, म्हणजे टोकाचे स्पर्श, लागले तर दोघांनाही गुण मिळतो. त्यामुळे इपी खेळणाऱ्याचे मनगट आपोआप मागे सरते आणि पाते आपोआप आडवे येते. प्रशिक्षकाला नेमके हेच आपोआपपण मोडावे लागते. लेसन देताना, म्हणजे एकेका विद्यार्थ्याला समोर घेऊन शिकवताना, मनगट योग्य क्षणी, योग्य तेवढेच उघडे करून विद्यार्थ्याला टच मारू द्यायचा असतो. तोही सरसकट नव्हे, तर त्याचा हात पुढच्या पायाच्या आधी सरळ झाला असेल तरच. पाय आधी पडला, तर आपण अर्धे पाऊल मागे घ्यायचे, म्हणजे टोक हवेत राहते आणि चूक काय झाली ते न बोलता मुलाला कळते.

शिकवण्याच्या पहिल्या वर्षी मला हे उमगले नव्हते. अकरा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे यायची आणि मी तिचा प्रत्येक हल्ला अडवून लगेच उलट टच मारायचो. वाटायचे, ती कणखर होईल. दोन महिन्यांनी ती हात पूर्ण लांबवेनाशी झाली. कोपर वाकलेले आणि खांदा मागे ठेवून ती नुसती पात्याला पाते लावत राहायची, आणि पावसाळ्यानंतर आलीच नाही. तिचे येणे माझ्यामुळे थांबले, याची खंत आजही आहे. त्यानंतर मी कातडी बाही चढवून एका ज्येष्ठ प्रशिक्षकांसमोर वर्षभर लेसन द्यायला शिकलो, आणि उजवा असूनही डाव्या हाताने द्यायला शिकलो, कारण मुलांना स्पर्धेत डावखुरे प्रतिस्पर्धी भेटतातच. माझी बाही मनगटापाशी आता चाळणीसारखी झाली आहे. वीस मिनिटांच्या एका लेसनमध्ये तिथे शंभरएक टच पडतात.

गुडघ्याचे म्हणाल, तर लेसन देणाऱ्याला खोल लंज क्वचितच लागतो. त्याला अंतर राखणारी लहान, नेमकी पावले लागतात. तरीही, डॉक्टरांनी मुभा दिल्याशिवाय सुरुवात करू नका.

शिक्षणाचा भाग टाळू नका. पतियाळा येथील नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेत क्रीडा प्रशिक्षणाची पदविका आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असे दोन्ही मार्ग आहेत. प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहाव्यात. त्याबरोबर पंचाची परीक्षाही द्या. शिवाय हत्यारांची दुरुस्ती शिकाच, कारण शाळेत ती दुसरे कोणी करणार नाही. इपीच्या टोकाने साडेसातशे ग्रॅमचे वजन उचलले पाहिजे, दीड मिलिमीटरची पट्टी टोकाच्या फटीत बसली पाहिजे आणि अर्ध्या मिलिमीटरची पट्टी घालून टोक दाबल्यावर टच नोंदवणारा दिवा लागता कामा नये. या तपासणीत हत्यार नापास झाले, तर मुलीची वर्षभराची मेहनत पिस्टच्या (सामना खेळण्याच्या पट्ट्याच्या) कडेलाच अडते.

पैशाबाबत घरच्यांची काळजी रास्त आहे. एका शाळेच्या मानधनावर संसार चालत नाही. सकाळ-संध्याकाळ दोन-तीन ठिकाणी शिकवावे लागते. त्यामुळे दुपारचा वेळ अभ्यासाला ठेवून परीक्षा अवश्य द्या. खेळाडूंसाठी राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पाच टक्के समांतर आरक्षण आहे, आपली प्रमाणपत्रे त्यात बसतात का हे तपासून घ्या. नोकरी लागली म्हणून संध्याकाळची पिस्ट सुटलीच पाहिजे, असे मुळीच नाही.

आणि गावाच्या आकाराने निराश होऊ नका. इटलीतील येझी हे नाशिकच्या एखाद्या उपनगराएवढे गाव. तिथे एझिओ त्रिकोली यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर क्लब उभा केला; युद्धकैदी असताना ते छावणीत तलवारबाजी शिकले होते. त्यांचे शिष्य स्तेफानो चेरिओनी यांनी 1988 मध्ये सोल ऑलिंपिकला फॉइल या तलवारबाजीच्या दुसऱ्या प्रकाराचे सुवर्ण जिंकले, पुढे ते प्रशिक्षक झाले, आणि 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते इटलीच्या फॉइल संघाची धुरा वाहत असताना महिलांच्या वैयक्तिक फॉइलमधील तिन्ही पदके इटलीने नेली. त्या तिघींपैकी दोघी येझीच्याच होत्या.

प्रश्न : माझी बारा वर्षांची मुलगी तलवारबाजी शिकते. तिचे सर राष्ट्रीय स्पर्धा खेळलेले आहेत, तरी सरावात ते तिच्याकडून सारखे टच घेतात. मुद्दाम हरल्याने तिला खोटी सवय लागणार नाही का?
– एक आई, नाशिक रोड

उत्तर : ताई, वरचे उत्तर वाचल्यावर सर हरत नसून शिकवत आहेत, हे आपल्या ध्यानात आले असेल. लेसन आणि बाऊट या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बाऊटमध्ये, म्हणजे गुण मोजून खेळताना, सरांनी मुद्दाम हरू नये. तसे होत असेल तर त्यांना मोकळेपणाने विचारा, चांगल्या प्रशिक्षकाला त्याचा राग येत नाही. लेसन चालू असताना मात्र सरांकडे पाहू नका, मुलीच्या उजव्या हाताकडे आणि उजव्या पायाकडे पाहा. हात आधी सरळ होऊन मग पाय उचलला गेला, तर सर टच घेतील. पाय आधी पडला, तर ते मागे सरतील. असे दर वेळी घडत असेल, तर मुलगी योग्य हातात आहे.